नीलव्वाचा एक ठोका

पाठमोऱ्या माणसाला नीलव्वा उत्तर द्यायची नाही. लग्न होऊन मी सोलापूरच्या त्या गिरणीच्या चाळीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हा प्रसाद मिळाला. तिच्या दारात उभी राहून, रस्त्याकडं बघत मी विचारलं की पिठाची चक्की कुठं आहे. आतून उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. माझं माहेर सांगोल्याचं. आमच्याकडची माणसं फटकळ असतील, पण विचारल्याचं उत्तर देतात. रागानं वळून बघितलं, तर म्हातारी माझ्याच तोंडाकडं बघत निवांत वाती वळत बसलेली.

"तोंड दावून बोल की गं," ती म्हणाली. "पाठ दावून बोलू नये मानसानं. भांडन लागतं."

मग तिनं चक्कीचा पत्ता सांगितला, वर चक्कीवाला पीठ खातो हेही सांगितलं. मला वाटलं, असेल यांच्याकडची काही रीत. नीलव्वा दुधनीची, कानडी बोलणारी; तिकडं पाठ दाखवून बोलणं अशुभ मानत असतील. सगळ्या चाळीला तसंच वाटायचं. चाळीतली पोरं तिच्याशी बोलताना आधी गर्रकन फिरून तिच्या समोर यायची आणि मग तोंड उघडायची. माझी मुलगी मंजू बोलायला शिकली तीच या शिस्तीत. ती अजूनही हातातलं काम टाकून समोर येऊन उभी राहते आणि मग बोलते, आणि मला दर वेळी नीलव्वा आठवते.

तिचं सगळं चरित्र मला माहीत नाही. नवरा लवकर गेला, पोटी काही नाही, आणि उभी हयात गिरणीत सुताच्या कांड्या भरण्याच्या खात्यात गेली, एवढं माहीत होतं. उंच बाई, हाडापेराची मजबूत, कपाळाला विभूती, अंगावर इरकली लुगडं. आवाज म्हणजे तोफ. तिनं घरात कुणाला हळूच गुपित सांगितलं तर ते कोपऱ्यावरच्या पानवाल्याला कळायचं. गिरणीतल्या बायांचे आवाज असेच, म्हणून त्याचंही कुणाला नवल नव्हतं.

आणि मिशीवाल्या पुरुषांवर तिचा दात होता. आमच्या ह्यांना तेव्हा झुपकेदार मिशी होती, ओठ शोधावे लागायचे. हे तिच्याशी काही बोलायला गेले की ती माझ्याकडं वळायची. "काय म्हनतोय गं हा?" मग मी तेच वाक्य तिला परत सांगायचं. जणू मी दुभाषी! एकदा तिनं ह्यांना तोंडावर सांगितलं, "मिशीवाल्याचा भरवसा न्हाय बाबा. तोंडातल्या तोंडात काय ठेवतोस, तुलाच ठावं." हे खूप हसले. मिशी मात्र काढली नाही. कचेरीत साहेबांपेक्षा मोठी मिशी असल्याचा त्यांना अभिमान होता.

दिवेलागण झाली की नीलव्वा गप्प व्हायची. चाळीत खरी गप्पांची वेळ तीच, सगळ्या बाया पायऱ्यांवर येऊन बसायच्या. पण अंधार पडायला लागला की ही उठायची आणि दार लावून घ्यायची. कोंबड्यांबरोबर झोपते म्हणून आम्ही चिडवायचो. चिडवलेलं तिला कळायचं नाही, की कळून सोडून द्यायची, तेव्हा सांगता आलं नसतं.

आता त्या पाइपाचं सांगायला हवं, कारण पाइप वगळला तर नीलव्वा उरतच नाही. आमची चाळ म्हणजे एका रांगेत खोल्या, प्रत्येक खोलीच्या मागच्या अंगाला मोरी. गिरणीनं कधीकाळी एकच लोखंडी पाइप टाकलेला. तो पहिल्या खोलीत शिरायचा आणि मधल्या सगळ्या भिंती भेदून, जमिनीपासून हातभर उंचीवरून, थेट शेवटच्या खोलीपर्यंत जायचा. पहिली खोली नीलव्वाची. शेवटची अमीनाबीची. पाणी यायची वेळ पाण्यालाच माहीत. कधी पहाटे, कधी दुपारी, आणि बहात्तरच्या दुष्काळात तर पाणी पाहुण्यासारखं यायचं, तेही रागावलेल्या. मी सांगोल्याची, मला पाण्याची चिंता नवी नव्हती. आमच्याकडं पाहुण्याला गूळ चटकन देतात, पाणी देताना घागरीत डोकावून बघतात.

पण आमच्या चाळीचं पाणी कधी चुकलं नाही, ते नीलव्वामुळं. तोटीतून थेंब पडायच्या कितीतरी आधी तिला कळायचं. दार उघडून, ताटलीवर पळी बडवत तिची ललकारी यायची, "आलं गा पानी!" आम्ही हंडे-कळश्या घेऊन मोरीत धावायचो, तोटी उघडायचो. नुसती कोरडी तोटी. आणि मग आतून घरघर यायची, वारा सुटायचा आणि पाण्याची धार लागायची. दुष्काळात एकदा ऐन दुपारी, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, तिनं असंच ताट बडवलं. आमची सगळी भांडी भरली. शेजारच्या चाळीला कळेपर्यंत पाणी गेलेलं होतं. त्या चाळीतल्या बाया दुसऱ्या दिवशी तिला बघायला आल्या. काय कान आहेत म्हातारीचे, असं त्या म्हणाल्या. नीलव्वानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि हसून पदरानं तोंड पुसलं.

असे कान असलेल्या बाईकडं चाळीनं आपली लेकरं सोपवली, यात नवल नाही. बहुतेक बाया विडी कारखान्यात जायच्या, मी शाळेत शिकवायला. तीन-चार तान्ही, दोन-तीन रांगती पोरं दिवसभर नीलव्वाकडं. तिच्या खोलीत मागच्या अंगाला आढ्याला पाळणा होता, आणि ती तिथंच पाइपाला टेकून बसायची. पाळण्याची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असायची, आणि रांगत्यांच्या कमरेला एकेक सुताची दोरी, तीही तिच्या मनगटाशी. पोरांना गुरांसारखं बांधते म्हणून सुरुवातीला माझा जीव खालीवर झाला होता. पण ती पोरांवरून नजर म्हणून काढायची नाही. तांदूळ निवडायची नाही, शिवणटिपण करायची नाही. वाती तेवढ्या वळायची, त्या न बघता वळता येतात. पाळण्यातलं पोर नुसतं चुळबुळलं तरी तिचा अंगठा हलायचा आणि ती उठून उभी. माझ्या मंजूला तिनं तिसऱ्या महिन्यापासून सांभाळलं. मी शाळेतून आले की मंजू माझ्याकडं यायला तयार नसायची, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

अमीनाबी नीलव्वाची गिरणीतली जोडीदारीण. दोघी एकाच खात्यात, शेजारी शेजारी उभ्या राहून म्हाताऱ्या झाल्या. एक कानडी बोलायची, दुसरी दखनी, आणि भांडण मराठीत करायच्या. मग अमीनाबीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगा बशीर यंत्रमागावर दिवसपाळी करायचा. तो सकाळी आईचं सगळं आवरून, दार लोटून जायचा. बाकीचा दिवस अमीनाबी आणि तिची खाट. खाट मोरीला लागून होती, हात लांबवला की पाइप लागेल अशी, आणि तिच्या डाव्या हाताशी एक पितळी पेला.

ही युक्ती दोघींपैकी कुणाला सुचली कोण जाणे. अमीनाबी पेल्यानं पाइपावर ठोकायची. दोन ठोके म्हणजे "ये". इकडं पहिल्या खोलीत नीलव्वा पळीनं एक ठोका द्यायची. एक म्हणजे "आले". तो एक ठोका दिल्याशिवाय ती कधी उठायची नाही. पुढं जाऊन दार उघडायला लागायचा तेवढा वेळसुद्धा तिकडच्या जिवाला धीर हवा, असं तिचं म्हणणं. मग एक पोर काखेत, बाकीची दोरीला, अशी ती सगळी वरात चाळीच्या या टोकापासून त्या टोकाला निघायची. अमीनाबीला पाणी पाजायची, कूस बदलायची, वेणी घालायची. कधीकधी काहीच काम नसायचं. अमीनाबीनं उगाच बोलावलेलं असायचं. मग नीलव्वा तिला शिव्या द्यायची, अमीनाबी अर्ध्या तोंडानं हसायची, आणि वरात परत. सुट्टीच्या दिवशी मी घरी असले की आमच्या मोरीतून हे सगळं ऐकू यायचं, दोन ठोके, मग एक ठोका. घड्याळाच्या टिकटिकीसारखी सवय झाली होती त्याची.

पाइप म्हातारा झालाच होता. पाणी तांबडं यायचं, कपड्यांना डाग पडायचे, सांध्यासांध्यातून गळायचं. सगळ्यात हाल शेवटच्या खोल्यांचे. आतून गंजून पाइपाचा घसा बसला होता, अमीनाबीच्या मोरीत धार म्हणून पडायची नाही, नुसती टिपं. तेव्हा नुकतेच प्लॅस्टिकचे पाइप आले होते. राखी रंगाचे, हलके, एका हातानं उचलावेत असे. गंज नाही, गळती नाही. नव्या वसाहतीत ते घातल्याचं हे बघून आले आणि चाळीनं एका रविवारी बसून ठरवून टाकलं. सगळे खूश. मीही खूश, खोटं कशाला बोलू! स्वच्छ पाण्याला कोण नाही म्हणेल?

नीलव्वा नाही म्हणाली. त्या दिवशी ती भर उन्हात पायरीवर येऊन बसली आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, प्लॅस्टिकच्या पाण्याला वास येतो. कुणीतरी सांगितलं, येत नाही. म्हणाली, उंदरं कुरतडतील. म्हणाली, उन्हानं वाकेल. प्रत्येकाला कुणीतरी उत्तर दिलं. शेवटी बशीर नम्रपणे म्हणाला, "अव्वा, हमारे यहाँ पानीच नहीं आता. अम्मा के कपडे धोने को तुमीच इधर से पानी लाती ना?" ज्या मैत्रिणीसाठी ती घागरी वाहत होती, तिच्याच घरच्या पाण्याला ही आडवी येतेय, असं सगळ्यांना दिसत होतं. सुशीला, अमीनाबीच्या शेजारच्या खोलीतली, ती तर म्हणाली की म्हातारपणी माणसाला काय होईल सांगता येत नाही.

मग नीलव्वा म्हणाली, "आनि आमीना हाक कशी मारंल मला? त्या पायपातनंच मारती की ती."

हे मात्र सगळ्यांना पटलं. आणि उपायही लगेच निघाला. आमच्या ह्यांनीच काढला. अमीनाबीच्या खाटेच्या दांडीला सायकलची घंटी बसवायची. डाव्या हाताच्या अंगठ्यानं दाबायची, पेला उचलायचाही त्रास नको. घंटीचा आवाज चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत ऐकू येतो. बशीरनं तिथल्या तिथं आपल्या सायकलची घंटी काढून वाजवून दाखवली. पोरांनी टाळ्या पिटल्या. नीलव्वा घंटीकडं बघत होती. ती हसली नाही आणि पुढं एक शब्द बोलली नाही. पटलं तिला, असं आम्ही समजलो.

पाइप काढला त्या दिवशीची एक गोष्ट मी विसरलेले नाही. लोखंडी तुकडे भंगारवाल्याच्या हातगाडीवर रचले. गाडी निघाली तशी नीलव्वा तिच्याबरोबर चालायला लागली, पाइपावर तळवा टेकवून, मयताच्या तिरडीला हात लावावा तशी. कोपऱ्यापर्यंत गेली. परत आली तेव्हा तळवा गंजानं तांबडा झाला होता आणि तो तिनं धुतला नाही. आम्ही तेव्हा नव्या तोट्यांतून पडणारं पाणी बघण्यात दंग होतो. अमीनाबीच्या मोरीत त्या दिवशी पहिल्यांदा धार लागली. बशीरनं आईला उठवून बसवून ती दाखवली.

नवा पाइप मुका होता. पाणी यायचं ते चोरासारखं यायचं. आणि त्याच आठवड्यात नीलव्वाची ललकारी थांबली. पहाटे पाणी येऊन गेलं आणि ती झोपलेली. दुसऱ्यांदाही तसंच. बाया आता आळीपाळीनं जागायला लागल्या, आणि थट्टा सुरू झाली की नीलव्वाचं वय झालं, कान गेले. थट्टाच होती ती. आम्हाला काय ठाऊक!

तिच्यात आणखी एक बदल झाला. आता ती सारखी अमीनाबीकडं जायची. घंटी वाजो न वाजो. जरा बसली की उठायची, पोरांच्या दोऱ्या गोळा करायची आणि निघायची. उन्हातान्हात, दिवसातून किती वेळा ते तीच जाणे. पायाला सूज आली, तोंड उतरलं. मी म्हटलं, अगं घंटी वाजली की जावं, उगाच का हेलपाटे घालतेस? तिनं माझ्या ओठांकडं बघितलं. म्हणाली, "बरं वाटतंय जाऊन आलं की." चाळीत तिचं नाव झालं. सख्खी बहीण करणार नाही असं करते म्हातारी, असं सुशीलाच म्हणायची. आणि सख्खी बहीण काय करत होती, तर आपलं सोंग सांभाळत, पायांनी कानांचं काम करत होती.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर मंजूला ताप आला. शाळेत परीक्षा, रजा नाही. नीलव्वा म्हणाली, जा तू, मी हाय की. त्या दिवशी दुपारभर मंजू तिच्या मांडीवरून उतरली नाही. खाली ठेवलं की फणफणत रडायची. नीलव्वा मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसून राहिली. तापलेलं पोर घेऊन उन्हात निघायचा तिला धीर झाला नाही. त्या दुपारी तिनं अमीनाबीकडं जायचं टाळलं, पहिल्यांदाच.

मी शाळेतून आले तेव्हा शेवटच्या खोलीपुढं गर्दी होती. अमीनाबी खाटेवरून अर्धी खाली घसरलेली, डाव्या हातात खाटेची घंटीची दांडी तशीच धरलेली. दुसरा झटका आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. कुणी वेळेवर आलं असतं तरी फारसा उपयोग झाला नसता, असंही म्हणाले. नीलव्वा मंजूला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. तिला कुणीतरी हाताला धरून आणलं होतं.

सुशीला रडत तिच्या समोर आली. म्हणाली, "अव्वा, घंटी केवढी वाजत होती गं! मी भाकऱ्या थापत होते. म्हटलं, तू येशीलच. मग थांबली, तर वाटलं आलीस. का आली नाहीस गं?"

नीलव्वा तिच्या तोंडाकडं बघत होती.

"वाजत हुती?" तिनं विचारलं.

सुशीलानं पदरानं डोळे पुसले.

"लई येळ वाजत हुती?"

सुशीलानं मान हलवली. नीलव्वानं मंजूला माझ्याकडं दिलं. मग खाली बसली, अमीनाबीच्या हाताची बोटं एकेक करून त्या दांडीवरून सोडवली, आणि तो हात आपल्या मांडीवर घेऊन तिच्या नेहमीच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, "मला ऐकू येत न्हाय गं. गिरनीतच गेलं समदं, तुमी चाळीत यायच्या आदीच. लोखंड हुतं तवर हाताला कळत हुतं, पाठीला कळत हुतं. ह्या नव्याला जीवच न्हाय."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून सगळं सरकलं. तोंड दावून बोल. मिशीचा भरवसा नाही. अंधार पडला की दार बंद. अंगठ्याची दोरी. पाण्याचं आधी कळणं तर सगळ्यात मोठं. रात्री ती पाइपाला पाठ लावून झोपायची, दिवसा पाइपाशी टेकून बसायची, आणि आम्ही म्हणत होतो, काय कान आहेत! गिरणीत यंत्रांच्या गदारोळात कुणालाच काही ऐकू येत नसतं. त्या बाया एकमेकींचे ओठ वाचत बोलायच्या. सगळ्या जगाचं बोलणं ती तसंच वाचत आली होती. सांगितलं असतं तर काय झालं असतं? काय झालं असतं ते दोन दिवसांत दिसलंच. बहिऱ्या बाईकडं तान्ही लेकरं कोण ठेवणार? एकेक आई काहीबाही कारण काढून आपलं पोर दुसरीकडं ठेवायला लागली. कुणी वाईट बोललं नाही. नुसती पोरं कमी होत गेली.

मी मंजूला घेऊन गेले. पाळणा उतरवलेला होता, दोरी गुंडाळून कोनाड्यात.

"ठेव तुज्याकडंच," ती म्हणाली.

मी तिच्या समोर, नीट उजेडात बसले आणि म्हटलं की इतकी वर्षं सांभाळलीस, कधी एका पोराला ओरखडा आला नाही. पोर रडलं तर तुला दोरीतून कळतं की.

"आमीनाचं कुटं कळलं?" ती म्हणाली. "डाक्टर म्हनतो, उपेग नसता झाला. नसता तर नसता. पर आले म्हनून ठोका तरी दिला असता की मी. ती वाट बघत गेली गं. मी बसले हुते आनि ती वाट बघत गेली."

मी तिचा हात धरून बसून राहिले. दोघीही रडलो. मंजू मधे बसून दोघींची तोंडं आळीपाळीनं बघत होती.

त्या रात्री ह्यांना झोप आली नाही. घंटीची कल्पना यांचीच ना! सकाळी उठले आणि आरशापुढं उभं राहून मिशी उतरवली. मी बघतच राहिले. वरचा ओठ पांढराफटक, लहान पोरासारखा. तसेच नीलव्वाच्या दारात गेले आणि सकाळच्या उन्हात तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "अव्वा, कुठं जाऊ नकोस. चाळ तुझीच आहे. मी रोज पाणी भरून देईन."

तिनं ते सगळं वाचलं. मग म्हणाली, "गोड बोलतोस की रं. एवढी वर्सं कुटं दडवलं हुतंस?" आणि त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. हे घरी आले ते तडक मोरीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पण ती राहिली नाही. दुधनीहून भाचा आला. चांगला होता बिचारा, गावात डाळ-तांदळाची अडत होती त्याची, मावशीला नेतो म्हणाला. सामान ते काय? एक ट्रंक, एक वळकटी. बशीरनं निघताना आईचा पितळी पेला तिच्या हातात दिला. पेल्याची कड ठोकून ठोकून चेपलेली होती. त्यानं तो दोन्ही हातांनी दिला आणि तिनं दोन्ही हातांनी घेतला.

स्टेशनवर मी गेले, मंजूला घेऊन. पॅसेंजरला वेळ होता. फलाटावर तीच ती गर्दी, भाच्याचं तिकीट काढणं, मंजूचं शेंगा मागणं. मी नीलव्वाशी काय बोलावं ते ठरवत होते. ती फलाटाच्या छपराचा लोखंडी खांब होता त्याला टेकून उभी राहिली, तळवे मागं खांबावर. पाइप गेल्यापासून तिचं तोंड कोमेजलेलं असायचं. एकाएकी ते सावध झालं. मान ताठ झाली.

"आली गा!" ती ओरडली, त्याच जुन्या ललकारीत. आजूबाजूची माणसं दचकली. रुळांवर काही नव्हतं. मी लांबवर बघितलं, काही नव्हतं. एक हमाल हसला. मग कितीतरी वेळानं दूर धूर दिसला, आणि हमाल तिच्याकडं बघायला लागला.

तिला खिडकीपाशी जागा मिळाली. मी बाहेरून खिडकीशी गेले, तिला ओठ दिसावेत अशी. म्हटलं, पत्र घाल, भाच्याला सांग लिहायला. मंजूला उचलून धरलं, तिनं गजातून हात घालून मंजूचा मुका घेतला. मंजू म्हणाली, अव्वा, उद्या ये. तिनं मंजूचे ओठ वाचले आणि मान डोलवली. मग गाडी सुटायची शिट्टी झाली. ती तिला ऐकू आली नाही, पण माणसं हलली ते दिसलं.

नीलव्वानं ओटीतून अमीनाबीचा पेला काढला. खिडकीच्या लोखंडी गजावर तिनं एक ठोका दिला. एकच.

मग पेला ओटीत ठेवला आणि गजावर तळवा टेकवून, डोळे मिटून ती बसून राहिली. गाडी हलली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी फलाटावर चालत राहिले. हात तिनं काढला नव्हता.